वीतभर सरकलेल्या कमानी

संशय हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवला नाही. गवळ्याच्या दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय मी पातेलं पुढे केलं नाही, आणि आमचे वकीलसाहेब "कोर्टात उशीर झाला" म्हणाले की त्यांच्या वहाणांना कुठली माती लागली आहे ते मी आधी पाहत असे. त्यामुळे क्लबातल्या कमानी रोज वीतभर सरकतात, हे सगळ्यांत आधी माझ्या ध्यानात आलं यात नवल काही नाही.

क्लब साताऱ्याच्या सदर बझारात होता. गोऱ्या साहेबांनी तो स्वतःसाठी बांधलेला. लढाई पेटल्यावर त्यातले बरेच आघाडीवर गेले, तेव्हा रिकाम्या खुर्च्या भरायला वकील, डॉक्टर, फौजदार अशा आपल्या माणसांना आत घेतलं. पुरुष टेनिस आणि पत्त्यांना बसले. मागच्या अंगाला क्रोकेची हिरवळ होती, ती बायकांच्या वाट्याला आली, कारण मोगरीनं चेंडू ढकलायचा खेळ बायकांचाच, असं आमच्या पुरुषांनी परस्पर ठरवून टाकलं.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते. हिरवळीवर लोखंडी सळईच्या सहा कमानी ठोकलेल्या असतात आणि मध्ये एक रंगीत खुंटी. लांब दांड्याच्या लाकडी मोगरीनं आपला चेंडू एकामागून एक कमानीतून काढायचा आणि शेवटी खुंटीला लावायचा. कमान चेंडूपेक्षा जेमतेम काडीभर रुंद. आपला चेंडू दुसरीच्या चेंडूला लागला, की आपला उचलून तिच्या चेंडूला खेटून ठेवायचा आणि असा टोला हाणायचा की तिचा चेंडू कुंपणापर्यंत गेला पाहिजे. ही परवानगी नियमातच आहे. इतका उघड दुष्टपणा दुसऱ्या कुठल्या खेळात मला आढळला नाही, म्हणून मला तो आवडला.

खेळताना आम्ही चेंडूकडे कमी आणि एकमेकींच्या पायांकडे जास्त बघत होतो. गोल पातळ नेसणाऱ्यांवर नऊवारीवाल्यांचा कायम डोळा, कारण गोल पातळाच्या घोळाखाली चेंडू हातभर पुढे नेता येतो. चेंडू चार रंगांचे होते. त्यातला काळा एकही सवाष्ण हाती धरीना. पहिल्या दिवशी त्यावरून खेळच अडला. शेवटी फौजदारांच्या लीलाबाई म्हणाल्या, "द्या इकडं. मी असलं काही मानत नाही."

लीलाबाई रहिमतपूरकडच्या. शरीरानं भक्कम, आवाज हुकमी. नवऱ्याच्या बदल्यांबरोबर फिरून भाषा शहरी झालेली, पण रागावल्या की गावची बाहेर पडायची. त्यांचा एकुलता एक हंबीर पलटणीत होता आणि सिंगापूर पडलं तेव्हा तिथंच होता. जपान्यांनी धरला एवढंच कळलं होतं, पुढे काही नाही. आम्ही विचारत नव्हतो, त्या सांगत नव्हत्या. त्यांनी काळा चेंडू घेतला तेव्हा आमच्यातल्या दोघीतिघी चरकल्या. मीही चरकले.

चव्वेचाळीस साल उजाडलं त्या थंडीत गवत कापायचं यंत्र मोडलं. त्याचा सुटा भाग विलायतेहून यायचा आणि बोटी तर सगळ्या लढाईवर. तेव्हा आमच्या कोंडीबा माळ्यानं एक धनगरीण आणून उभी केली. "बाईसाब, हिची मेंढरं सकाळची सोडली की हिरवळ सतरंजीवानी हुती बगा," तो म्हणाला. ती हरणाबाई.

उंच, वाळलेली बाई. कपाळावर हिरवं गोंदण, खांद्यावर काळं घोंगडं, आणि हातात लोकर कातायची चाती. ती चाती कधी थांबत नसे. चालताना, बोलताना, आमची बोलणी खातानाही ती कातत असे. माणदेशातली, म्हसवडच्या पलीकडची. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझी बाकीची माणसं कुठं आहेत?"

"फुडं गेल्यात, कोकनाकडं."

"मग तू का मागं राहिलीस?"

"ही मेंढरं पायानं अधू हायती, बाईसाब. चालत न्हाईत."

मी मेंढरांकडे पाहिलं. त्यातलं एक क्लबाच्या तीन पायऱ्या एका उडीत चढून पुरुषांच्या पत्त्यांच्या टेबलाकडे निघालं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्यावर नजर ठेवायला जाऊ लागले. तिला वाटलं, मी गप्पा मारायला येते. ती मोकळेपणानं बोलायची आणि तिची सगळी हकीकत मला अशीच कळली. तिचा जन्म वाटेवर झाला, कुंभार्ली घाटाच्या चढणीला. आईनं तिला घोंगड्यात गुंडाळलं आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठला. लग्न मुक्कामावर, तीन बाळंतपणं मुक्कामावर, त्यातलं एकही मूल जगलं नाही, आणि ती पुरली तीही तीन वेगवेगळ्या मुलखांत. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. संध्याकाळी मेखा ठोकायच्या, भोवती वाघर म्हणजे दोरीची जाळी लावायची, मेंढरं आत कोंडायची आणि सकाळी मेखा उपटून पुढे निघायचं. तिच्या सगळ्या आयुष्याचा हाच क्रम. बसून राहणं तिला आजारपणासारखं वाटायचं. "माझा बा एक दिस बांदावर बसला," ती मला म्हणाली, "तवाच आमाला कळलं, ह्यो काय आता उठत न्हाई."

अशी बाई साताऱ्यात क्लबाच्या कुंपणाला पाठ लावून अख्खी थंडी बसली होती. का, ते मला कळेना.

दिवसही तसेच होते. तारा तुटत होत्या, रूळ उखडले जात होते, सांगलीचा तुरुंग फोडून कैदी पळाले त्याला वर्षही झालं नव्हतं. भूमिगतांचा माणूस कुठल्या वेषात समोर येईल याचा नेम नव्हता, आणि सरकारचा खबऱ्या कुठल्या वेषात येईल याचा तर मुळीच नव्हता. कोंडीबाला आता वाटू लागलं होतं की आपणच आणलेली ही बाई फौजदारांची खबरी आहे. फौजदारांच्या बायकोला वाटत होतं, ती भूमिगतांची आहे. मला दोन्ही वाटत होतं.

त्यातच कमानी सरकू लागल्या. पहिली कमान बाकाच्या उजव्या पायासमोर असायची, ती एक दिवस डाव्या पायासमोर दिसली. मी बोलून दाखवताच डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, कारण आदल्या दिवशी मी जिंकले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्या गोल पातळ नेसत. दोघी आठवडाभर एकमेकींशी नीट बोललो नाही. शेवटी एका संध्याकाळी मी प्रत्येक कमानीच्या बुडाशी विटेची भुकटी पेरून ठेवली. सकाळी भुकटी जागेवर होती आणि कमान वीतभर पलीकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी शाल पांघरून मेंदीच्या कुंपणाआड जाऊन उभी राहिले. हरणाबाईनं सहाही कमानी उपटल्या आणि एका बाजूला ठेवल्या. मेंढरं आत सोडली. ती चरून झाल्यावर तिनं दगडानं एकेक कमान परत ठोकली, दर खेपेला जुन्या जागेपासून वीतभर पुढे. जुनी भोकं तिनं टाचेनं दाबून बुजवली आणि तोंडानं काहीतरी पुटपुटली. मी कुंपणाआडून बाहेर आले.

"काय चाललंय हे?"

ती दचकली नाही. "कोकराचं पाय अडकत्यात, बाईसाब. म्हनून काडते."

"काढतेस ते ठीक. मग परत त्याच जागी का ठोकत नाहीस?"

तिनं चाती हातात घेतली होती, ती थांबली. थांबलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. "इसरते," ती म्हणाली.

खोकण्यावरून मेंढरू ओळखणारी बाई सहा भोकं विसरते, यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं. मी तडक लीलाबाईंकडे गेले.

लीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी भेटल्या त्या पक्की माहिती घेऊनच. मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "हिचा नवरा आत आहे, इथल्या तुरुंगात. धुळा नाव. ज्या माळावर तारा तोडल्या तिथं हा मेंढरं घेऊन होता. भूमिगतांना वाट दाखवली म्हणून उचलला. त्याला सोडायचा की ठेवायचा हे या आठवड्यात ठरतंय आणि ते ह्यांच्या मतावर आहे. आणि ही बया इथं आपल्या नाकासमोर कमानी फिरवतेय. कमानींची तोंडं कुणीकडं असतात बघितलंत? तुरुंगाकडं. आतल्यांना खूण असणार."

मी पाहिलं. तीन कमानी तुरुंगाकडे तोंड करून होत्या. उरलेल्या तीन बाजाराकडे होत्या, पण लीलाबाई बोलत असताना मध्ये बोलायची आमची पद्धत नव्हती.

ती इथं का बसली होती ते आता उघड झालं. भेटीचा दिवस चुकू नये म्हणून. तुरुंगातल्या माणसाच्या बायकोला साताऱ्यात कुणी उभं करणार नाही म्हणून तिनं अधू मेंढरांची गोष्ट रचली होती. आणि आता लीलाबाईंनी घरी जेवताना एक शब्द टाकला असता, तर धुळाची सुटका तिथंच राहिली असती.

तो शब्द टाकायच्या आधी लीलाबाईंना हरणाबाईला सगळ्यांसमोर पकडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बायका आमच्याशी सामना खेळायला येणार होत्या. संस्थानातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांचा तिकडे आमच्यासारखाच क्लब होता. कोंडीबानं मूळ जागांवर चुन्याच्या खुणा करून ठेवल्या. आदल्या दुपारी आम्ही सगळ्या जमलो आणि लीलाबाईंनी हरणाबाईला बोलावून लाकडी हातोडा तिच्यापुढे धरला.

"ठोक. आमच्यादेखत. चुना आहे तिथं, बरोबर जुन्या भोकात."

हरणाबाईनं हातोडा घेतला. पहिल्या खुणेपाशी वाकली. मग सरळ झाली आणि हातोडा गवतावर ठेवला.

"न्हाई जमायचं, बाईसाब."

"का?"

ती आमच्याकडे पाळीपाळीनं बघत राहिली. सांगावं की नाही ते ठरवत असावी. "आमच्यात उपाटल्याली मेख पुन्यांदा त्याच भोकात घालत न्हाईत," ती म्हणाली. "घरातलं मानूस कुटं अडाकलं आसलं तर मुळीच न्हाई. मेख जुन्या जागी बसली की त्ये मानूस बी तितंच बसतं. माझा दादला आत बसलाय. तुमची ही कमान म्हंजी मेखच की. मी एकडाव उपाटली, आता माझ्या हातानं परत तितंच कशी घालू?"

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग सगळ्या. इतके दिवस आम्ही एकमेकींना चोर समजत होतो, कटाच्या गोष्टी बोलत होतो, आणि निघालं काय तर हे. मलाही हसू आवरलं नाही. लीलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आणि मी साहेबांना सांगितलं तर? मग तर तुझा नवरा बसलाच आत."

"सांगा," हरणाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "तुमच्या हातात हाय त्ये तुमी करा. माझ्या हातात येवडी मेख हाय."

लीलाबाईंनी कोंडीबाला हाक मारली. "तू ठोक रे." कोंडीबानं सहाही कमानी चुन्याच्या खुणांवर ठोकल्या. प्रत्येक घावाला हरणाबाई डोळे मिटत होती. शेवटचा घाव पडल्यावर तिनं मेंढरं गोळा केली आणि कुणाकडे न बघता फाटकातून बाहेर गेली. लीलाबाई तिच्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. चहा आला, साखरेचं रेशन म्हणून गुळाचाच, पण तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीकरणी आल्या. रेल्वेनं सातारा रोडपर्यंत आणि तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं, त्यामुळे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर काजळी. त्यांच्यात एक न्यायाधीशांची बायको होती. तिनं स्वतःची मोगरी फलाणीच्या खोळीत घालून आणली होती आणि खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून पाहिली. मला फार बरं वाटलं, आपल्यासारखं कुणीतरी भेटलं म्हणून. तिनं हिरवळीवरून एक चक्कर मारली आणि परत येऊन थंडपणे म्हणाली, "तुमच्या चुन्याच्या खुणा एकीकडं आणि कमानी एकीकडं. साताऱ्याला असंच खेळतात वाटतं?"

आम्ही धावलो. खरंच, सहाही कमानी खुणांच्या शेजारी वीतभर सरकलेल्या होत्या.

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. हरणाबाई फाटकाबाहेर मेंढरं घेऊन उभी होती. "हीच ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल एवढं बजावूनसुद्धा. आता हिला पोलिसातच द्या." कोंडीबा तिला आणायला निघाला. हरणाबाई मात्र कमानींकडे बघत होती आणि तिचं तोंड नवलानं उघडं राहिलं होतं. ते पाहून मी नजर दुसरीकडे वळवली. मी लीलाबाईंच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. वहाणेच्या टाचेलाही ओली माती थापलेली होती. माझा संशय आयुष्यात फार वेळा बरोबर ठिकाणी पोचलेला नाही. त्या सकाळी पोचला.

मी काही बोलायच्या आत लीलाबाईच म्हणाल्या, "कोंडीबा, तिला सोड. कमानी मी हलवल्या."

"तिथलं गवत उडालंय," त्यांनी जोडून दिलं. त्या स्वरापुढे न्यायाधीशांच्या बायकोनंही मुकाट्यानं मोगरी खोळीतून काढली. सामना झाला. लीलाबाईंचा काळा चेंडू एकाही कमानीतून गेला नाही आणि आम्ही सपाटून हरलो.

घरी जाताना आम्ही दोघी एका टांग्यात होतो. पोवई नाका मागे पडल्यावर लीलाबाई म्हणाल्या, "वकीलीणबाई, मी असलं काही मानत नाही."

"ठाऊक आहे मला."

"पण काल कोंडीबा ठोकत होता आणि मला एकदम वाटलं, ह्या मी ठोकायला लावल्या. माझ्या हुकमानं जुन्या भोकात बसवल्या. आणि माझा हंबीर तिकडं..." त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मग म्हणाल्या, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फटफटलं तशी जाऊन उपटल्या. लाज वाटत होती, तरी उपटल्या." आणि ती एवढी हुकमी बाई टांग्यात माझ्याशेजारी हुंदके देऊन रडली. दोन वर्षांत त्या पोराचं नाव तिनं आमच्यापुढे पहिल्यांदा घेतलं होतं. मी तिचा तो मातीनं माखलेला हात धरून बसले. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही. आठवडा संपायच्या आत धुळा सुटला. नवरा-बायको मिळून मेंढरं न्यायला क्लबात आली. धुळा बुटका, गाल बसलेला माणूस. कोंडीबानं त्याला बाक दाखवला, पण तो बसायला तयार नव्हता. फाटकापाशीच इकडून तिकडे येरझारा घालत राहिला.

हरणाबाई आमच्यापाशी आली. चाती फिरत होती. "जातो आमी, बाईसाब. आता कमानी जुन्या जागी ठोका, काय बी हुत न्हाई. माझं मानूस उटलं."

"सुटलो बाई एकदाचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कोंडीबाला हाक मारू लागल्या.

लीलाबाई खुर्चीवरून उठल्या. सगळ्यांसमोर, आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "माझं अजून बसलंय गं."

हरणाबाईनं चाती धुळाच्या हाती दिली आणि लीलाबाईंना घेऊन पहिल्या कमानीपाशी गेली. कमान उपटून त्यांच्या हातात ठेवली. "आदी जुनं भोक बुजवायचं," ती म्हणाली. "टाच द्यायची. न्हाई, आनि वाईच जोर लावा. आता तुमच्या मानसाचं नाव घ्या, आनि मग फुडं."

लीलाबाईंनी टाच दिली आणि नाव घेतलं. आम्हाला ते ऐकू आलं, पण कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईही नाही.

मेंढरं गेली, पुढे यंत्राचा भागही आला, तरी कमानी सरकतच राहिल्या. कोण सरकवतं असं क्लबात कुणी विचारलं नाही. दोन कमानी करंजाच्या सावलीत गेल्या, जिथं गवतच नव्हतं. एक बाकाला जाऊन टेकली. खेळाचा पार बट्ट्याबोळ झाला आणि आम्ही तो तसाच खेळलो.

लढाई संपली त्या हिवाळ्यात हंबीर आला. काठीसारखा वाळलेला, पण चालत आला. लीलाबाई त्याला घेऊन क्लबात आल्या, तो बाकावर बसला, आणि त्यांनी कोंडीबाला हाक मारून सांगितलं, "आता ठोक सगळ्या जुन्या जागी."

कोंडीबा हातोडा घेऊन आला आणि हिरवळीच्या मधोमध उभा राहिला. जुनी जागा कुठली ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. मलासुद्धा.